सोसत नाही

भात कापून खाचरात पसरलं की आमच्या बाजूला हवेला काही दिवस एक वेगळाच वास असतो. शिजलेल्या इंद्रायणीचा गोडसर वास सगळ्यांना माहीत आहे. हा त्याच्या आधीचा. ओल्या काडीचा, सुकत आलेल्या चिखलाचा, वर सकाळच्या दहिवराचा. नसरापुरात मी राहतो तिथपर्यंत तो पोहोचत नाही. विंझरच्या रस्त्याला लागून थोडं पुढं गेलं, गावाकडची खाचरं दिसायला लागली, की तो एकदम नाकात शिरतो. पूर्वी त्या वासानं मला भूक लागायची. गेल्या सालापासून त्याच्यात मला फिनेलनं पुसलेल्या फरशीचा वास येतो. दोन्ही वास आता वेगळे करता येत नाहीत आणि याचा मला राग आहे. भाताच्या वासाचं असं व्हायला नको होतं.

यंदाही दिवाळी झाली, ऊन पडायला लागलं आणि काढणी सुरू झाली. शनिवारी गावाकडे निघालो तेव्हा राजगडाखालच्या पालीला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. राजगडावर जाणारी पोरं खिडकीतून पिवळ्या खाचरांचे फोटो काढत होती. खाचरं फोटोत छान येतात. त्यात वाकलेली बाई आली तर फोटो आणखी छान येतो. गेल्या साली याच दिवसांत अशीच वाकलेली माझी वहिनी कुणाच्या तरी मोबाईलमध्ये गेली असेल आणि दुसऱ्याच दिवशी ती जवळजवळ या जगातून गेली होती. फोटो काढणाऱ्याला हे माहीत असायचं कारण नाही. पण ज्यांना माहीत असायला हवं होतं, त्यांनीही ते माहीत करून घेतलं नाही. माझं सगळं दुखणं तेवढंच आहे.

त्या दिवशी आमच्या खाचरावर सावड होती. आज सगळे तुमच्या शेतात, उद्या सगळे आमच्या, अशी ही पद्धत. मजूर मिळेनासे झाल्यापासून सावडीशिवाय भात घरात येत नाही. कापता कापता वहिनींचा विळा घसरून डाव्या नडगीवर लागला. बाकीच्या बायका म्हणाल्या, बांधावर बसा. पण ज्यांच्या घरची सावड त्याच घरची बाई बसली तर कसं दिसेल. वहिनींनी हळद भरली, जुन्या लुगड्याची चिंधी आवळून बांधली आणि पुन्हा ओळीत येऊन वाकल्या. "लई सोशिक हाय बाई," असं सगळ्यांनी म्हटलं. आमच्याकडे बाईला मिळणारं हे सर्वांत मोठं प्रमाणपत्र. ते मिळवण्याची किंमत दुसऱ्या दिवशी कळली. पाय पोटरीपर्यंत सुजला आणि ताप चढला. दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, त्यांना शेजारच्याच्या टेम्पोत घालून हायवेकडच्या एका दवाखान्यात नेलं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक म्हणतात, तो दवाखाना तसलाच आहे. मग दुसऱ्या दवाखान्यात निर्धास्तपणे जातात.

मी तेव्हा कामावर होतो. पुढचं सगळं मला दादानं आणि नंतर वहिनींनी सांगितलं. दोघांच्या सांगण्यात फरक नाही, म्हणून मी ते खरं धरतो.

सिस्टरनं रीतसर विचारलं होतं. "मावशी, कशाची अ‍ॅलर्जी आहे का?"

"न्हाई," वहिनी म्हणाल्या.

त्या खोटं बोलल्या नाहीत. अ‍ॅलर्जी हा शब्द त्यांना माहीत आहे. त्यांच्या धाकट्या जावेला, म्हणजे माझ्या बायकोला, माळा झाडला की शिंका येतात, ती अ‍ॅलर्जी. वहिनींच्या मते तो नसरापूरकडच्या बायकांचा आजार आहे. खेड्यात तो परवडत नाही.

मग सिस्टर सुई भरून आली. तेव्हा वहिनी आपणहून म्हणाल्या, "बाई, मला सुई सोसत न्हाई बरं का."

"एवढं भात कापता मावशी, आणि सुईला घाबरता? मुंगी चावल्यासारखं होईल फक्त."

"घाबरत न्हाई ओ. सोसत न्हाई."

"बरं, डोळे मिटा."

वहिनींनी डोळे मिटले. "तिनं सांगितलं म्हनून मिटलं," त्या मला नंतर म्हणाल्या. "माझ्या लेकीच्या वयाची पोर. तिला किती येळा तेच तेच सांगायचं."

औषध शिरेत गेलं आणि थोड्याच वेळात तळहातांना खाज सुटली. मग ओठ जड झाले. दादा म्हणाला, हिचा आवाज बदललाय. त्यावर कुणीतरी म्हणालं, घाबरल्यात, होतं असं. मग वहिनींना आवाजच उरला नाही. गळा आतून कुणीतरी आवळत आणला आणि त्या खाटेवरून कलंडल्या. तिथून पुढं मात्र सगळे धावले, हे मी मान्य करतो. डॉक्टरांनी जे करायचं ते झटपट केलं, पुण्याला न्यायला गाडी मागवली, आणि मी पोहोचलो तेव्हा वहिनी त्या गाडीत होत्या. तोंडावर मास्क, कपाळावर कुंकू पसरलेलं, आणि पायाला अजून तीच लुगड्याची चिंधी. ज्या जखमेसाठी आले होते ती जखम तोपर्यंत कुणी उघडूनही पाहिली नव्हती.

त्या वाचल्या. वाचलेल्या माणसाबद्दल तक्रार करणं आपल्याकडे अशुभ समजतात. तरी मी लिहितो आहे.

मला त्या शब्दानं वर्षभर छळलं. सोसणे. आमच्याकडे हा शब्द दिवसातून कितीदा येतो ते मोजायला बसलो तर कंटाळा येईल. ऊन सोसत नाही. म्हशीचं दूध पोराला सोसत नाही. धाकटीला सासरचं पाणी सोसलं नाही, अंगावर फोड आले. यातलं सोसणं शरीराचं आहे. त्यात भित्रेपणा नाही की हट्ट नाही. एखादी गोष्ट अंगाला चालत नाही, एवढीच माहिती त्यात आहे, आणि डॉक्टरला हवी असते ती नेमकी हीच माहिती. पण दुसरं सोसणं मनाचं. दुःख सोसणं, त्रास सोसणं, नवऱ्याचं, सासूचं सोसणं. सिस्टर शहराकडची असावी. तिच्या घरी हा शब्द याच अर्थानं येत असणार. वहिनींना धाकट्या पोराच्या बाळंतपणानंतर एका सुईनं अंगभर गांध्या उठल्या होत्या, जीभ सुजली होती. तेव्हापासून त्यांनी मनाशी नोंद केली, ती सुई मला सोसत नाही. ती नोंद इतकी वर्षं त्यांनी सांभाळली आणि ऐन वेळेला, विचारलं नसतानाही, दोनदा सांगितली. रुग्णानं याहून जास्त काय करायचं असतं, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

वहिनी घरी आल्यावर दादा पेढ्यांचा मोठा बॉक्स घेऊन आला. म्हणाला, त्या दवाखान्यात देऊन येतो.

मी म्हटलं, "कशाबद्दल?"

"वाचवलं न्हवं त्यांनी."

"आणि आणलं कुणी तिथपर्यंत?"

"त्यांनीच. म्हंजी फिटलं. तू लई ताणू नगंस, तुझं ते कारखान्यातलं डोकं घरात आणू नगंस."

माझं कारखान्यातलं डोकं हे आमच्या घरात चेष्टेचं आहे. वरवे बुद्रुकच्या बाजूला एका छोट्या कारखान्यात मी तयार मालाची मापं तपासतो. केसाएवढा फरक असला तरी माल बाजूला काढायचा, हेच काम. लग्नात वाढप्याला मी भाताच्या मुदीचं माप विचारतो असं पुतणे सांगतात. ते खोटं आहे, पण खपतं.

त्या कारखान्यात एकदा असं झालं. आमच्या सुट्या भागांवर आकडे ठोकलेले असतात. एका कामगारानं नऊचा भाग सहा समजून बसवला, कारण इंग्रजी सहा उलटा धरला की नऊ होतो. यंत्र सुरू करायच्या आधी दुसऱ्याच्या लक्षात आलं, त्यामुळे काही मोडलं नाही, कुणाला लागलं नाही. कुणी म्हणालं नाही की नशीब चांगलं. त्या कामगाराला कुणी घरी पाठवलं नाही. साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं आणि एकच विचारलं, हे कसं होऊ शकलं? तेव्हापासून आमच्याकडे सहाच्या खाली एक आडवी रेघ असते. रेघ ठोकायला काही लागत नाही. फाटकाजवळ एक फळा आहे, त्यावर 'थोडक्यात टळलं' असं लिहिलेलं आहे. जे टळलं ते कुणीही तिथं लिहावं, नाव घालायची गरज नाही. त्या फळ्यावर खूप काही असतं, म्हणून तर कारखान्यात अपघात कमी असतात. आमचा माल म्हणजे लोखंडाचा तुकडा. त्याची एवढी चौकशी होते आणि माझ्या वहिनीची होत नाही, हे मी कोणत्या हिशोबात बसवू?

म्हणून मी त्या दवाखान्यात गेलो. पेढे दादानं आधीच पोहोचवले होते, त्यामुळे माझं स्वागत चांगलं झालं. व्यवस्थापक म्हणून एक गृहस्थ होते. त्यांनी खुर्ची दिली.

"तुमची तक्रार आहे का?"

"तक्रार नाही. कोणत्या औषधानं हे झालं त्याचं नाव पाहिजे. तुमच्या कागदावर पायाची जखम आणि ताप एवढंच आहे. आणि तुम्ही विचारता तो प्रश्न बदला, हे सांगायचं आहे."

"तक्रार नसेल तर मग अभिप्राय होईल. तो त्या पेटीत टाकायचा."

"बिल भरायला आलो होतो तेव्हा टाकलाय. पेटीची किल्ली कुणाकडे असते?"

त्यांनी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ते बघावं लागेल."

मी बसून राहिलो. मी उठत नाही असं दिसल्यावर ते पुढं झुकले आणि आवाज खाली आणून, घरच्या माणसाला सांगावं तसं म्हणाले, "काका, तुम्ही काळजी करू नका. त्या सिस्टरला आम्ही काढून टाकलंय."

"काढलंत? मग तिच्या जागी कोण आहे?"

"नवीन आहे."

"काय झालं होतं ते नवीन सिस्टरला सांगितलंत?"

"तिला कशाला सांगायचं? तिची काय चूक?"

मी उठलो. साऱ्या दवाखान्यात एकच माणूस असं होतं की जे जन्मात पुन्हा 'सोसत नाही' हे शब्द कानामागे टाकणार नव्हतं. नेमकं तेच माणूस त्यांनी घालवलं. धडा घेतलेलं माणूस गेलं, चूक तिथंच राहिली. मी बाहेर पडताना खिडकीशी नवीन सिस्टर कुणाला तरी विचारत होती, "अ‍ॅलर्जी आहे का कशाची?" आणि समोरचं माणूस मान हलवत होतं.

औषधाचं नाव शेवटी डॉक्टरांनी सांगितलं. मला त्यांच्या दारापाशी उभं राहावं लागलं, ते जेवायला निघाले होते. थकलेले दिसत होते. "सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन," ते म्हणाले. "पुन्हा देऊ देऊ नका." मी विचारलं, असं किती जणांना होतं? म्हणाले, फार क्वचित. मी म्हटलं, तुमच्याकडे किती जणांना झालं? ते म्हणाले, असं कुणी मोजत नाही. ते खोटं बोलले नाहीत याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. पण मग क्वचित हे कशावरून ठरवलं? जे मोजलंच नाही ते क्वचितच असणार.

ते नाव मी वहिनींना पाठ करायला लावलं. चुलीपुढं बसून त्या म्हणत होत्या, सेफ्टी, शेफटी, शेपटी. शेवटी शेपटीवरच थांबल्या. "भाऊजी, म्हशीला असती ती सोसत न्हाई म्हनून सांगू व्हय?" पुतणे हसून लोळले. वहिनींनाही हसू आवरेना. हसता हसता त्यांनी हात गळ्यावर नेला. ती सवय त्यांना तेव्हापासून लागली आहे.

यंदा मी काढणीला गेलो तर वहिनी ओळीत होत्या, पण मागं. मी बांधावरून पाहत होतो. डाव्या मुठीत भात धरलं की त्या विळा लावायच्या आधी उजव्या हाताच्या करंगळीनं स्वतःची डावी बोटं चाचपत होत्या. बोटं कुठं संपतात आणि काडी कुठं सुरू होते ते त्यांना दिसत नव्हतं. दुपारी भाकरी खाताना मी समोर बोट करून विचारलं, तोरणा दिसतो का?

"दिसतो की. ताकात बुडवल्यावानी दिसतो."

"मग मोतीबिंदू काढून घ्या. आज काढला की उद्या घरी."

"न्हाई जायाची."

"आंधळ्या व्हाल वहिनी."

त्यांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "भाऊजी, दिसत न्हाई ते सोसंल मला. धडपडंन, पडंन, सोसंल. पर तो गळा आवळला व्हता ते पुन्यांदा न्हाई सोसायचं. म्या सांगितलं व्हतं ना तिला? दोनदा सांगितलं व्हतं. सांगूनबी ऐकत न्हाईत तर जायाचं कशाला?"

पेढे नेणारा दादा खाली बघून कांदा फोडत बसला. औषधानं झालेलं नुकसान पुण्याच्या दवाखान्यात भरून आलं होतं. न ऐकल्यामुळे झालेलं नुकसान हे असं समोर बसलं होतं, भाकरी खाली ठेवून. ते कोणत्याच कागदावर येत नाही. आणि असे किती जण असतील, एकदा ऐकलं नाही म्हणून परत न गेलेले, घरातच सोसत बसलेले? तेही कुणी मोजत नाही.

मी म्हटलं, "मी बरोबर येतो. सुई तुमच्या अंगाला लागायच्या आधी मी विचारीन, काय आहे. सांगितल्याशिवाय देऊ देणार नाही."

"तुमाला भाईर काढत्याल."

"काढू देत. बाहेरून ओरडीन."

त्यावर त्या थोड्या हसल्या. झोडणी झाली, पेंढा रचून झाला आणि त्या यायला तयार झाल्या.

डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर आम्ही रांगेनं बसलो होतो. सगळी आमच्याच बाजूची माणसं, भात घरात आल्यावर मोकळी झालेली. सिस्टर हातात कागद घेऊन एकेकापुढं येत होती. वहिनींपुढं आली. तरुण, हसरी.

"मावशी, अ‍ॅलर्जी आहे का कशाची?"

"न्हाई," वहिनी म्हणाल्या.

सिस्टरचं पेन कागदावर टेकलं. मी उठणार एवढ्यात वहिनी पुढं म्हणाल्या, "अ‍ॅलर्जी न्हाई. पर शेपटी सोसत न्हाई."

"काय सोसत नाही?"

"शेपटीची सुई. गळा मिटतो. मरता मरता वाचले म्या."

सिस्टर हसली आणि मग हसायची थांबली. माझ्याकडे वळली. मी औषधाचं नाव सांगितलं, काय झालं होतं ते सांगितलं. ती लगेच आत गेली आणि डॉक्टरांना घेऊन आली. डॉक्टरांनी वहिनींना पुन्हा सगळं विचारलं, मधे न तोडता ऐकून घेतलं, आणि मला म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. ऑपरेशन झालं की डोळ्यात आम्ही याच घराण्यातलं औषध सोडतो. यांना दुसरं वापरू." सिस्टरनं टेबलाचा खण उघडून एक लाल पट्टी काढली आणि वहिनींच्या मनगटाला बांधली. लाल पट्टी म्हणजे औषध चालत नाही ही खूण.

मला हलकं वाटायला हवं होतं. मला त्या खणाचा राग आला. पट्टी होती. पट्ट्यांचा गठ्ठाच होता, सगळ्या न वापरलेल्या. ऐकणारे डॉक्टर होते, दुसरं औषध होतं. सगळं जागच्या जागी तयार होतं, फक्त तिथपर्यंत नेणारा प्रश्न चुकीच्या भाषेत होता.

सिस्टर पुढच्या माणसाकडे सरकली. वेल्ह्याकडचे एक म्हातारे, पांढरी टोपी, गुडघ्यावर हात.

"बाबा, अ‍ॅलर्जी आहे का कशाची?"

"न्हाई."

तिनं लिहिलं, नाही.

"अवो बाबा," वहिनी बाकावरूनच म्हणाल्या, "न्हाई काय म्हनता. कुठलं औषध सोसत न्हाई का तुमाला, असं इचारत्यात त्या."

म्हाताऱ्यांनी टोपी मागं सारली. "सोसत न्हाई म्हंजी... हाय की. अंगदुखीची गोळी. दम लागतो तिनं. मागल्या शिमग्यात उचलून न्यावं लागलं मला."

"मग सांगितलं का न्हाई?"

"इचारलं कुनी?"

सिस्टरनं लिहिलेलं 'नाही' खोडलं. तिचे कान लाल झाले होते. तिच्यावर मला राग नव्हता, तिला प्रश्न असाच शिकवला होता. खणातून दुसरी पट्टी निघाली. तेवढ्यात आतून वहिनींचं नाव पुकारलं. त्या उठल्या, मनगटावरची लाल पट्टी दुसऱ्या हातानं चाचपली, विळ्यापाशी बोटं चाचपतात तशी, आणि दुसऱ्या सिस्टरचा हात धरून आत गेल्या. दार लागलं.

रांग पुढं सरकली. आता एक बाई होती, मांडीवर पिशवी घट्ट धरलेली.

"मावशी," सिस्टर म्हणाली. तोंडात बसलेलंच बाहेर आलं, "अ‍ॅलर्जी आहे का कशाची?"

"न्हाई," बाई म्हणाली.

मी उठलो, वहिनींच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसलो आणि म्हणालो, "मावशी, कुठलं औषध सोसत नाही का तुम्हाला, असं विचारतायत त्या."